बहुटप्पी बिनतारी जाळी : जोडणी आणि पाझर

बिनतारी उपकरणाचा संदेश ठरावीक अंतरापर्यंतच ऐकू जातो. त्यापलीकडे तो न्यायचा असेल, तर मधल्या एखाद्या उपकरणाने तो झेलून पुढे द्यावा लागतो, त्याच्याकडून तिसऱ्याने आणि तिसऱ्याकडून चौथ्याने. असे टप्प्याटप्प्याने काम चालणाऱ्या जाळ्याला बहुटप्पी जाळे म्हणतात. मोबाइल फोनची नेहमीची व्यवस्था या अर्थाने एकटप्पी असते. फोनपासून टॉवरपर्यंतचा एकच टप्पा ग्राहकाच्या वाट्याला येतो आणि पुढची सगळी वाहतूक कंपनीचे कायमचे जाळे सांभाळते. बहुटप्पी जाळ्यात असा मालक-टॉवर नसतो. प्रत्येक उपकरण स्वतःचा संदेश पाठवते आणि दुसऱ्याचाही वाहून नेते.

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या पुढाकाराने १९७१ साली सुरू झालेले अलोहा जाळे एकटप्पी होते. बेटाबेटांवरची टर्मिनले एका मध्यवर्ती संगणकाशी रेडिओने बोलत. त्याच दशकात अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात पॅकेट रेडिओचे जाळे उभारले. त्यात संदेश एका रेडिओकडून दुसऱ्याकडे सोपवला जात पुढे सरके. पुढे वाय-फायच्या मानकांत २०११ साली जाळीदार जोडणीची तरतूद झाली. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ साली सुरू झालेले ‘गिफी डॉट नेट’ हे लोकांनी लोकांसाठी बांधलेले जाळे हजारो नोड्सपर्यंत वाढले. शेतात किंवा जंगलात पसरलेले संवेदक, एकमेकांमार्फत रीडिंग पाठवणारे वीजमीटर, महामार्गावर परस्परांना इशारा देणारी वाहने ही सगळी याच कुळातली.

अशा प्रत्येक जाळ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो जोडणीचा. उपकरणे कुठे पडतील हे कोणी आखून दिलेले नाही, प्रत्येकाचा पल्ला मर्यादित आहे; तरीही जाळे एकसंध राहील का? या प्रश्नात दोन वेगळ्या मागण्या दडलेल्या आहेत. एक, प्रत्येक उपकरणाला दुसऱ्या प्रत्येक उपकरणापर्यंत पोहोचता आले पाहिजे, एकही सुटता कामा नये. दुसरी, बहुतेक उपकरणे मिळून जाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एक मोठा गट तयार झाला पाहिजे, थोडी सुटली तरी चालतील. लहान जाळ्यात या दोन मागण्यांत फारसा फरक जाणवत नाही. जाळे मोठे होत जाते तसा तो रुंदावत जातो. दुसऱ्या मागणीची किंमत जाळ्याच्या आकारावर अवलंबून नसते, पहिलीची मात्र वाढतच जाते. या विषयातले बहुतेक महत्त्वाचे निष्कर्ष याच भेदातून निघतात.

दुसऱ्या मागणीचे गणित रेडिओच्या आधी कोळशातून आले. इंग्लंडमध्ये कोळशाच्या संशोधनाशी संबंधित असलेले सायमन ब्रॉडबेंट खाणकामगारांच्या वायुरोधक मुखवट्यातल्या सच्छिद्र कार्बनचा विचार करत होते. सूक्ष्म छिद्रांचा चक्रव्यूह असलेल्या पदार्थात वायू खोलवर शिरेल की वरच्यावरच अडेल, हा त्यांचा प्रश्न. गणिती जॉन हॅमर्सली यांच्यासह त्यांनी १९५७ साली त्यावर शोधनिबंध लिहिला आणि पाझर-सिद्धान्ताचा पाया घातला. त्यांचे मूळ चित्र साधे आहे. चौकटीच्या कागदासारखी अमर्याद जाळी घ्यावी. तिच्यातली प्रत्येक रेघ ठरावीक संभाव्यतेने उघडी, नाहीतर बंद. संभाव्यता कमी असताना उघड्या रेघांचे छोटे छोटे गट होतात आणि प्रत्येक गट कुठेतरी संपतो. संभाव्यता एका विशिष्ट मूल्यापलीकडे गेली की अमर्याद पसरलेला गट निर्माण होतो. या मूल्याला उंबरठा म्हणतात. चौरस जाळीतल्या रेघांसाठी तो निम्म्यावर, म्हणजे ०.५ ला असतो. अगदी निम्म्यावर अमर्याद गट नसतो हे थिओडोर हॅरिस यांनी १९६० साली सिद्ध केले. निम्म्याच्या किंचितही वर तो असतोच हे सिद्ध करायला हॅरी केस्टन यांना १९८० साल उजाडले. रेघांऐवजी चौरस जाळीचे बिंदू उघडे-बंद ठेवले तर उंबरठा सुमारे ०.५९३ वर जातो, आणि त्याचे नेमके सूत्र सापडलेले नाही.

रेडिओची उपकरणे मात्र जाळीच्या बिंदूंवर बसवलेली नसतात. बेल प्रयोगशाळेतल्या एडगर गिल्बर्ट यांनी १९६१ साली हीच अडचण सोडवली. त्यांनी सपाट प्रतलावर यादृच्छिक बिंदू विखुरले, म्हणजे प्रत्येक बिंदूची जागा इतरांपासून स्वतंत्र आणि सरासरी घनता सगळीकडे सारखी. ज्या दोन बिंदूंमधले अंतर ठरावीक पल्ल्याहून कमी असेल त्यांच्यात दुवा मानला. बिंदू म्हणजे रेडिओ केंद्रे, पल्ला म्हणजे त्यांची पोहोच. बहुटप्पी बिनतारी जाळ्याचे हे पहिले गणिती प्रारूप. या प्रारूपात घनता आणि पल्ला वेगवेगळे महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाची आहे ती एकच राशी : एका उपकरणाला सरासरी किती शेजारी लाभतात. पल्ला ही त्रिज्या धरून वर्तुळ काढावे, त्याच्या क्षेत्रफळाला घनतेने गुणावे, की शेजाऱ्यांची सरासरी मिळते.

या सरासरीचा उंबरठा सुमारे ४.५१ आहे. त्याखाली कितीही मोठ्या प्रदेशात सगळे गट मर्यादितच राहतात; त्यावर एक अमर्याद गट असतो, आणि तो एकच असतो. दोन अमर्याद गट शेजारी शेजारी नांदू शकत नाहीत, हेही सिद्ध झाले आहे. गिल्बर्ट यांच्या काळी उंबरठ्याचा अंदाज फार ढोबळ होता. पॉल बॅलिस्टर, बेला बोलोबाश आणि मार्क वॉल्टर्स यांनी २००५ साली संगणकीय प्रयोग आणि काटेकोर युक्तिवाद यांची सांगड घालून तो ४.५०८ ते ४.५१५ यांच्या दरम्यान आहे असे ९९.९९ टक्के खात्रीने दाखवले. पूर्ण तर्कशुद्ध सिद्धता असलेल्या मर्यादा मात्र यापेक्षा बऱ्याच सैल आहेत. त्रिमितीत, उदाहरणार्थ पाण्याखाली खोलवर पसरलेल्या संवेदकांत, सरासरी २.७ च्या आसपास शेजारी पुरतात, कारण तिथे वळसा घालायला वाटा जास्त असतात. या शाखेची पद्धतशीर मांडणी करणारा ‘कंटिन्युअम पर्कोलेशन’ हा ग्रंथ १९९६ साली रोनाल्ड मेस्टर आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रातले राहुल रॉय यांनी लिहिला.

पहिल्या, कडक मागणीचे उत्तर वेगळे निघते. जाळे संपूर्ण जोडलेले असायचे तर निदान एकही उपकरण एकाकी राहता कामा नये. एखाद्याला एकही शेजारी नसण्याची शक्यता सरासरी शेजाऱ्यांची संख्या वाढेल तशी घातांकी वेगाने घटते, पण ती शून्य कधीच होत नाही. उपकरणांची संख्या वाढली की त्यातले कोणीतरी एकाकी सापडण्याची शक्यता वाढते, आणि ती दाबून ठेवायची तर शेजाऱ्यांची सरासरीही वाढवत न्यावी लागते. किती, याचे नेमके उत्तर ब्रिटिश गणिती मॅथ्यू पेनरोज यांनी १९९७ साली आणि इलिनॉय विद्यापीठातल्या पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांनी १९९८ साली दिले : शेजाऱ्यांची सरासरी उपकरणसंख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमपेक्षा वाढत्या फरकाने पुढे राहिली तरच जाळे संपूर्ण जोडलेले असण्याची संभाव्यता एककडे जाते. यातली सुंदर बाब अशी की मोठ्या जाळ्यात संपूर्ण जोडणीच्या आड येणारा अडथळा जवळजवळ नेहमी एकाकी उपकरणांचाच असतो. दोन-दोन, तीन-तीन उपकरणांचे तुटक गट त्याआधीच संपलेले असतात. शेवटचे एकाकी उपकरण जोडले गेले की बहुधा सगळे जाळेच जोडले जाते.

आकडे घालून पाहिले की दोन मागण्यांतले अंतर स्पष्ट होते. एक चौरस किलोमीटरवर १,००० उपकरणे विखुरली आहेत असे धरू. पल्ला ३० मीटर असेल तर प्रत्येकाला सरासरी २.८ शेजारी मिळतात आणि जाळे लहान लहान गटांत फुटलेले राहते. ३८ मीटरला सरासरी ४.५ होते; इथे जाळे उंबरठ्यावर येते. ४५ मीटरला सरासरी ६.४ होते, बहुतेक उपकरणे एका महागटात येतात, तरी सरासरी एक-दोन उपकरणे एकाकी उरतात. सगळी जोडली जाण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या जवळ न्यायची तर पल्ला ६० मीटरपर्यंत वाढवावा लागतो. अंतराच्या चौथ्या घातानुसार सिग्नल क्षीण होतो असे मानले, तर ३८ वरून ६० मीटरवर जाण्यासाठी सहापट शक्ती लागते. आता तीच घनता ठेवून जाळे १,००० चौरस किलोमीटरवर पसरवू आणि उपकरणे दहा लाख करू. महागटासाठी अजूनही ३८ मीटरच्या थोडा पुढचा पल्ला पुरतो. संपूर्ण जोडणीसाठी मात्र ६० मीटर आता पुरत नाहीत. त्या पल्ल्याला सरासरी १२ उपकरणे एकाकी राहतात आणि सगळे जोडले जाण्याची आशा जवळपास मावळते. पल्ला ७७ मीटरच्या आसपास न्यावा लागतो, म्हणजे उंबरठ्याच्या तुलनेत शक्ती सोळापटीहून अधिक. या हिशेबात प्रदेशाच्या कडा धरलेल्या नाहीत. कडेच्या उपकरणाचे निम्मे वर्तुळ प्रदेशाबाहेर जाते, त्यामुळे प्रत्यक्षात गरज आणखी थोडी वाढते.

यावरून ‘प्रत्येकाला किती शेजारी असावेत’ या जुन्या वादाचाही उलगडा होतो. लेनर्ड क्लाइनरॉक आणि जॉन सिल्व्हेस्टर यांनी १९७८ साली सहा हा आकडा सुचवला. पुढे १९८४ साली हिदेआकी ताकागी आणि क्लाइनरॉक यांनी तो सुधारून आठच्या आसपास नेला. हे आकडे संदेशाची प्रगती जास्तीत जास्त कशी होईल या हिशेबातून आले होते, जोडणीच्या हमीतून नव्हे. पल्ला सगळ्यांचा सारखा असेल तर सहा किंवा आठ असा कोणताही स्थिर आकडा अमर्याद वाढणाऱ्या जाळ्यात सगळ्यांना जोडून ठेवू शकत नाही. पल्ला न ठरवता प्रत्येकाने जवळचे ठरावीक संख्येचे शेजारी जोडून घ्यायचे ठरवले तरी ती संख्या लॉगरिदमच्या गतीने वाढावीच लागते, हे फेंग श्वे आणि कुमार यांनी २००४ साली दाखवले. त्यांच्या मर्यादा लॉगरिदमच्या ०.०७४ पट आणि ५.१७७४ पट अशा दूरदूरच्या होत्या. बॅलिस्टर, बोलोबाश, अमितेश सरकार आणि वॉल्टर्स यांनी २००५ साली त्या ०.३०४३ आणि ०.५१३९ इतक्या जवळ आणल्या.

महागटाची मागणी स्वस्त आहे तशी ती टिकाऊही आहे. बॅटरी वाचवण्यासाठी संवेदक आळीपाळीने झोपवले जातात, काही बिघडतात, काही पुरात वाहून जातात. ही गळती यादृच्छिक असेल तर उरलेली उपकरणेही यादृच्छिकच विखुरलेली राहतात. फक्त घनता कमी होते. ज्या जाळ्यात सरासरी १२ शेजारी आहेत त्यातली ६० टक्के उपकरणे बंद पडली तरी उरलेल्यांना सरासरी ४.८ शेजारी राहतात आणि महागट टिकून राहतो. तोवर संपूर्ण जोडणी केव्हाच मोडलेली असते. म्हणून संवेदकांच्या जाळ्याचा आराखडा करताना प्रत्येक संवेदकाचा आग्रह धरायचा की बहुसंख्यांच्या नोंदींवर भागवायचे, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. पावसाच्या सरासरीसाठी काही मापके सुटली तरी बिघडत नाही. वणव्याच्या इशाऱ्यात सुटलेले एकच उपकरण महागात पडू शकते.

हा टिकाऊपणा दोन किंवा अधिक मितींचा आहे. एका रेषेत उंबरठाच नसतो. महामार्गावरच्या वाहनांच्या ओळीत कुठेतरी पल्ल्यापेक्षा मोठी फट पडतेच आणि तिला वळसा घालायला जागा नसते. दर किलोमीटरला सरासरी १० वाहने आणि पल्ला २५० मीटर असेल तर लागोपाठच्या दोन वाहनांत दुवा तुटण्याची शक्यता ८ टक्के असते आणि सलग जोडलेल्या गटात सरासरी १२ वाहने सापडतात. वाहने दुप्पट झाली की हाच गट १४८ वाहनांचा होतो. वाढ प्रचंड आहे, तरी गट मर्यादितच. रेषेवरच्या मर्यादित उपकरणांचे जाळे जोडलेले असण्याच्या संभाव्यतेचे नेमके सूत्र मुंबईच्या आयआयटीतले माधव देसाई आणि डी. मंजुनाथ यांनी २००२ साली मांडले. अमर्याद संख्येच्या सीमेवर न जाता प्रत्यक्षातल्या छोट्या जाळ्याचा हिशेब त्यातून करता येतो. अशा रेषीय जाळ्यांना जोडून ठेवण्याचा व्यवहार्य उपाय म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर तारेने जोडलेली स्थिर केंद्रे. ऑलिव्हिए दूस, पॅट्रिक तिरान आणि मार्टिन हासलर यांनी २००२ साली दाखवले की अशी केंद्रे रेषीय जाळ्यात जोडणी लक्षणीय सुधारतात. द्विमितीत जाळे उंबरठ्याच्या वर असेल तर त्यांचा फायदा तुलनेने कमी दिसतो.

गिल्बर्ट यांच्या प्रारूपातले पल्ल्याचे नेटके वर्तुळ प्रत्यक्षात कुठेच नसते. भिंती, झाडे, जमिनीचा उंचसखलपणा यांमुळे जवळचे उपकरण कधी ऐकू येत नाही आणि लांबचे अचानक येते. ही अनिश्चितता जोडणीला मारक ठरेल असे वाटते, पण गणित उलटे सांगते. शेजाऱ्यांची सरासरी तीच ठेवून दुवे अधिक लांबवर आणि अधिक बेभरवशाचे केले तर उंबरठा खाली येतो. असे दुवे खूप लांबवर पसरले की तो सरासरी एका शेजाऱ्याच्या जवळ जातो. मॅसिमो फ्रान्सेस्केत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली बिनतारी जाळ्यांच्या संदर्भात हे मांडले. कारण असे की जवळच्या शेजाऱ्यांचे शेजारी बहुधा तेच ते असतात, तर लांबचा एक दुवा नवा परिसर उघडून देतो.

खरा अडसर येतो तो परस्परांच्या आवाजाचा. एकाच वेळी अनेकजण बोलू लागले की ऐकणाऱ्यापर्यंत हव्या त्या सिग्नलबरोबर नको ते सिग्नलही पोहोचतात. दूस, फ्रान्स्वा बासेली आणि तिरान यांनी या व्यत्ययाचा समावेश असलेले प्रारूप तयार केले. त्यात सिग्नलचे प्रमाण व्यत्यय आणि पार्श्वभूमीचा गोंगाट यांच्या तुलनेत ठरावीक पातळीवर असेल तरच दुवा जुळतो. या प्रारूपात एका उपकरणाच्या शेजाऱ्यांच्या संख्येला वरची मर्यादा येते. इतरांचा व्यत्यय पुरेसा दाबता आला तर महागट निर्माण होतो. पण व्यत्यय दाबण्याची क्षमता तीच ठेवून घनता वाढवत नेली तर गर्दीनेच दुवे तुटू लागतात. गिल्बर्ट यांच्या प्रारूपात जास्त दाट म्हणजे जास्त जोडलेले. इथे तसे नाही. म्हणून प्रत्यक्ष जाळ्यात कोणी कधी बोलावे याची शिस्त, म्हणजे वेळेची किंवा वारंवारितेची वाटणी, जोडणीचाच भाग ठरते.

जोडणी असली म्हणजे क्षमता असतेच असे नाही. गुप्ता आणि कुमार यांनी २००० साली जाळ्याच्या वहनक्षमतेचे मोजमाप केले आणि या क्षेत्राला वेगळे वळण दिले. पल्ला लहान ठेवला तर एका वेळी अनेक ठिकाणी संदेश जाऊ शकतात, पण प्रत्येक संदेशाला टप्पे जास्त पडतात आणि प्रत्येक उपकरणाचा बराचसा वेळ दुसऱ्यांचे ओझे वाहण्यात जातो. यादृच्छिक जाळ्यात प्रत्येकाच्या वाट्याला येणारा दर उपकरणसंख्या आणि तिचा लॉगरिदम यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, असा त्यांच्या पद्धतीचा निष्कर्ष होता. यातला लॉगरिदम आला कुठून? संपूर्ण जोडणीसाठी सगळ्यांचाच पल्ला वाढवला, तिथून. म्हणजे शेवटच्या मोजक्या एकाकी उपकरणांसाठी साऱ्या जाळ्याला किंमत मोजावी लागत होती.

ही किंमत पाझर-सिद्धान्ताने वाचवली. फ्रान्सेस्केत्ती, दूस, डेव्हिड त्से आणि तिरान यांनी २००७ साली दाखवले की उंबरठ्याच्या वरच्या जाळ्यात आखूड टप्प्यांचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे, एकमेकांना न छेदणारे भरपूर मार्ग असतात. त्यांची संख्या उपकरणसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते आणि ते प्रदेशभर समप्रमाणात पसरलेले असतात. सुटलेल्या उपकरणाने एक लांब टप्पा टाकून जवळचा मार्ग गाठावा, पुढचा सगळा प्रवास आखूड टप्प्यांनी व्हावा आणि शेवटी पुन्हा एका लांब टप्प्याने संदेश मुक्कामी उतरावा. लांब टप्पे थोडे असल्याने ते क्षमतेला भारी पडत नाहीत. लॉगरिदमचा भार नाहीसा होतो आणि दर केवळ उपकरणसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात राहतो. महागट आणि संपूर्ण जोडणी या दोन मागण्यांतला भेद इथे प्रत्यक्ष अभियांत्रिकीत उतरतो : कणा महागटाने बनवावा आणि सुटलेल्यांची सोय वेगळी करावी, सगळ्यांसाठी सगळ्यांचाच पल्ला वाढवू नये.

उपकरणे फिरती असतील तर आणखी एक वाट उघडते. मॅथियास ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी दाखवले की वाहक उपकरणाने संदेश जवळ ठेवून, फिरता फिरता गन्तव्याशी गाठ पडल्यावर तो दिला तर प्रत्येकाच्या वाट्याचा दर उपकरणसंख्येबरोबर घटत नाही. मोबदला द्यावा लागतो तो विलंबाचा. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी तुटक असलेले जाळेही कालांतराने जोडलेले ठरू शकते. मात्र असे जाळे पत्रव्यवहाराला चालते, संभाषणाला चालत नाही.

या विषयाच्या अभ्यासाला संभाव्यतेची मूलतत्त्वे, विशेषतः प्वासाँ वितरण आणि घातांकी घट, एवढी पूर्वतयारी पुरते. त्यावर आलेखांची भाषा आणि मग रेडिओ-सिग्नलच्या क्षीणतेचे नियम अशी पायरीपायरीने मांडणी करणे सोयीचे जाते. न सुटलेले प्रश्नही थोडे नाहीत. गिल्बर्ट यांच्या उंबरठ्याचे नेमके सूत्र अजून कोणाच्या हाती लागलेले नाही. उपकरणे माणसांसारखी गावात दाट आणि माळावर विरळ असतात तेव्हा समान घनतेवर आधारलेले निष्कर्ष कुठवर टिकतात, आणि गळती यादृच्छिक नसून एखाद्या भागातला वीजपुरवठा एकदम गेल्यामुळे झालेली असेल तर महागट किती काळ तग धरतो, हे प्रत्येक जाळ्यासाठी वेगळे तपासावे लागते. ही तपासणी करताना आराखडा करणाऱ्याने आधी एवढे ठरवलेले असावे की आपल्याला सगळ्यांची हमी हवी आहे की बहुतेकांची. पल्ला, शक्ती, घनता आणि खर्च यांचे बाकीचे हिशेब त्या उत्तरावरून सुरू होतात.